खरखर

सासऱ्यांनी कॉर्डलेस फोन उचलला आणि पुष्करच्या लॅपटॉपवर मुलाखत घेणारा साहेब तोंड उघडं ठेवून पुन्हा गोठला. नोकरी गेल्यापासून पुष्करचा मुक्काम सासुरवाडीलाच होता आणि इथल्या अडाणीपणाला तो विटला होता.

त्याने बसवून घेतलेला वायफायचा राउटर आणि फोनचा स्टँड एकाच तिपाईवर होते, वर दोघांना मिळून एकच क्रोशाचा रुमाल.

“धूळ बसते हो, जावईबापू,” सासरे म्हणाले.

“अहो, दोघांच्या लहरी एकमेकींत घुसतात. म्हणून नेट तुटतं, तुमचा फोन खरखरतो. एवढंही कळत नाही?”

“तुम्ही आल्यापासून खरखरतो खरा.”

नाक मुरडत त्याने फोनचा स्टँड आतल्या खोलीत नेऊन ठेवला. नेट सुरळीत झालं. अडाण्यांत राहायचं म्हणजे सगळं आपल्यालाच बघावं लागतं, त्याला वाटलं.

तेवढ्यात फोन वाजला. कमी ऐकू येणारे सासरे स्पीकर लावूनच बोलत.

“दादा, आज आवाज किती स्वच्छ येतोय,” त्यांची बहीण म्हणाली. “जावई गेले वाटतं?”

“नाही गं. पण आज पहिल्यांदा काहीतरी काम केलं त्यांनी.”