तिसरा पिकोलो

न्यूमोनियानंतर संघपालचा दम तुटला होता. लग्नसराईत वरचा सूर लागला नाही, तर जाफराबादच्या बँडमधली त्याची पुढच्या रांगेतली जागा जाणार होती. म्हणून तो बायकोला घेऊन जालन्याच्या दुकानात वरचे सूर सोपे जाणारा पिकोलो ट्रम्पेट घ्यायला आला. जेमतेम दीड वीत लांब, दिसायला खेळणंच.

"ह्याच्यात तरी पुरंल का तुमची फुंक?" केशरबाईनं चिडवलं.

दोन पिकोलो फुसकेच निघाले. तिसऱ्यात मात्र सूर लागला, उंच आणि लख्ख. छाती रिकामी झाली तसे त्यानं ओठ काढले.

सूर चालूच होता.

"बस करा आता, दमसाल."

"मी कवाच थांबलो, केशर."

दुकानदारानं नकळत हात जोडले. संघपालनं भोंग्यावर तळहात धरला. आतून कोमट वारा लागत होता. मग सूर थांबला, आणि त्याचा तळहात हळूच आत ओढला गेला. पिकोलो श्वास घेत होता.