डोंगरोबा परत आला

पेटी टेम्पोतून उतरवताना बिराप्पानं कुणालाच हात लावू दिला नाही. आतला डोंगरोबा दीडशे वर्षं पुण्याच्या एका कॉलेजात काचेच्या कपाटात बसून होता. देव असून नशिबी नंबराची चिठ्ठी आली होती.

ही बातमी गावात आणली सृष्टीनं. भूशास्त्राची विद्यार्थिनी, दगड गोळा करत कडेगाव भागात हिंडलेल्या एका इंग्रज साहेबाच्या वह्या ती वाचत होती. सरकारी वहीत साहेबानं सरळ लिहिलं होतं : देवळातला काळा दगड पुजारी कोंडीबानं आपखुशीनं दिला. म्हणजे गाव पूजत होतं तो मागाहून बसवलेला!

कोंडीबा हा बिराप्पाचा खापरपणजोबा. तेव्हापासून बिराप्पा दिसला की पारावरची माणसं गप्प व्हायची. देव देऊन टाकणाऱ्याचं घर, असं तोंडावर कुणी म्हणालं नाही. पण न म्हटलेलंही ऐकू येतंच. पुजारपण करायची बिराप्पाला लाज वाटू लागली. कॉलेजाचे उंबरे झिजवून झिजवून शेवटी त्यानं खरा देव मिळवला.

गाभाऱ्यातला खोटा दगड त्यानं स्वतःच काढला, कृष्णेवर नेला आणि होडीतून मधल्या डोहात सोडला. मग हलगीच्या तालावर खरा देव जागेवर बसला. बिराप्पा लहान मुलासारखा रडला.

जेवणं उरकल्यावर सृष्टी ओट्यावर मोबाइल उघडून बसली. साहेबाच्या वंशजांनी विलायतेहून त्याच्या खासगी वहीचे फोटो पाठवले होते. गडबडीत ते पाहायचे राहिले होते.

"ताई, आमच्या कोंडीबा म्हाताऱ्याचं नाव हाय का त्यात?" बिराप्पानं विचारलं. "कायबी आसू द्या. आता भ्या न्हाई."

"आहे," ती म्हणाली आणि पुढचं वाचता वाचता थांबली. "काका, नंतर बघू."

"आत्ताच वाचा की. समदं गाव हितंच हाय."

तिनं अडखळत वाचलं :

"हुकूम दिल्यावर कोंडीबा दगड घेऊन आला. दगड ओढ्यातला होता. शेंदूर अजून ओला होता, माझ्या बोटांना लागला. देव देवळातच होता; तो तिथंच राहावा, म्हणून मी काही बोललो नाही."