सरिताचं पान

सवाष्ण येणार नाही हे श्यामलाला पक्कं ठाऊक होतं, आणि तरी ती इतरांसारखी दाराकडे बघत होती.

अविधवा नवमी होती. प्रभंजनची पहिली बायको सरिता सवाष्णपणी गेली, म्हणून दरवर्षी पितृपक्षात या दिवशी तिच्या नावानं एका सवाष्णीला जेवायला बसवायचं. सरिताची आई, विमलाकाकू, त्यासाठी कलघटगीहून सकाळच्या बसनं धारवाडला यायच्या. जावयानं दुसरा संसार मांडला म्हणून त्यांनी येणं सोडलं नाही. यंदाही सुभाष रोडवरून फुलं-पानं घेऊन आल्या आणि चहासुद्धा न घेता पदर खोचून पुरणाच्या होळिगे लाटायला बसल्या.

सवाष्ण दरवर्षीची ठरलेली, पलीकडच्या गल्लीतली संगीताक्का, सरिताची मैत्रीण. बाई वाईट नव्हे हो, पण तोंड म्हणाल तर विचारू नका. श्यामलानं चहा केला की म्हणणार, सरिता त्यात आलं घालायची, पडदे बदलले की सरिताला निळे आवडायचे. ऐकून ऐकून श्यामलाचे कान किटले होते. घटस्फोटाचं सगळं निस्तरून, पस्तिशी उलटल्यावर तिनं हा संसार नव्यानं मांडला होता. त्यात मधोमध पाटावर संगीताक्कानं सरिता होऊन बसायचं आणि आपण वाढायचं, हे काही तिच्या पचनी पडेना. काल संध्याकाळी तिनं संगीताक्काला फोन केला आणि ठोकून दिलं की विमलाकाकूंची तब्येत बरी नाही, त्या येत नाहीत, यंदा सवाष्ण राहू दे. सवाष्णच नाही म्हटल्यावर काकूंचं येणंही हळूहळू सुटेल, असंही मनात येऊन गेलं. नुसतं आलं नाही, तिला बरंही वाटलं.

भटजींना आजच्या दिवशी घरं पुष्कळ. नैवेद्य दाखवून ते स्कूटरला किक मारून गेलेसुद्धा. पान मांडलेलं, पाट रिकामा. प्रभंजन म्हणाला, फोन लावून बघतो, आणि त्यानं खिशात हात घातला. संगीताक्कानं फोन उचलला की सगळं बाहेर येणार. आता काय सांगणार होती श्यामला?

"राहू दे," विमलाकाकू आतून म्हणाल्या. "श्यामला बसेल."

श्यामलानं नको नको म्हणून पाहिलं. घरचीच कशी चालेल, वाढायचं कोण बघणार, सगळं झालं. काकूंनी एक ऐकलं नाही. म्हणाल्या, लेकीच्या जागी आलेली ती लेकच, आमच्याकडे असंच मानतात. कावळ्याचं पान देऊन त्यांनी प्रभंजनला गच्चीवर पिटाळलं आणि परात-तांब्या घेऊन पाटापुढे आल्या. सत्तरीची बाई गुडघा धरत धरत खाली बसतेय आणि आपले पाय धुणार, हे बघून श्यामलानं पाय झटकन मागे ओढले.

"ओढू नकोस," काकू म्हणाल्या. "आज ते तुझे नाहीत."

पाणी कोमट होतं. काकूंनी लहान मुलाचे धुवावेत तसे बोटांच्या बेचक्यांतून हात फिरवून पाय धुतले, पदरानं पुसले. मग हळद लावली, कुंकू लावलं. घटस्फोटानंतर हळदीकुंकवाला श्यामलाला कुणी बोलावलं नव्हतं, आणि हे लग्नही रजिस्टर झालेलं. कितीतरी वर्षांनी बाईमाणसाचं बोट तिच्या कपाळाला लागलं. लाजेनं तिला मान वर करवेना.

काकू वाढत होत्या. वडे, खीर, होळिगे. वाढता वाढता हळूच म्हणाल्या, "सकाळी फुलं घेताना संगीता भेटली. माझी तब्येत विचारत होती."

श्यामलाचा घास हातातच राहिला.

"मी म्हटलं, होते जरा नरम, आता बरी आहे. पण यंदा तू नको येऊस म्हटलं, घरचीच बसणार आहे." त्यांनी होळिगेवर तूप सोडलं. "जेव. गार होतंय."

श्यामलाला मेल्याहून मेल्यासारखं झालं. काकू ओरडल्या असत्या, जावयाला सांगितलं असतं, तर तिला भांडता तरी आलं असतं. आता नुसतं गिळायचं. डोळ्यांतलं पाणी पानावर पडू नये म्हणून तिनं मान बाजूला वळवली आणि एकेक करत सगळं संपवलं.

आता शेवटचं तेवढं उरलं. वाढणाऱ्यानं पोट भरलं का विचारायचं, सवाष्णीनं गेलेल्या बाईच्या वतीनं 'भरलं, तृप्त झाले' म्हणायचं आणि उठायचं. हे एवढं उत्तर ऐकायला ही बाई दरवर्षी कलघटगीहून येत होती, आणि तेच आपण हिच्याकडून काढून घ्यायला निघालो होतो.

काकू पानासमोर वाकून उभ्या राहिल्या.

"पोट भरलं का गं, बाळ?"

श्यामलानं तोंड उघडलं. भरलं म्हटलं की संपलं. काकू पिशवी उचलणार, संध्याकाळची बस धरणार.

"नाही गं आई," ती म्हणाली. "अजून एक वाढ."

काकू तशाच वाकलेल्या राहिल्या. मग, थांब, गरम करून आणते, असं म्हणत त्या लगबगीनं आत गेल्या.

आतून बराच वेळ तव्याचा आवाज आला नाही.