कव्हरवरचा घोडा
व्हर्डेल काळी, अलाबामातल्या चर्चमध्ये गळा तयार झालेली. पण लिहायची आणि गायची गोऱ्यांची समजली जाणारी कंट्री, म्हणजे अमेरिकी गावाकडची गाणी. पहिल्या रेकॉर्डच्या कव्हरवर तिच्याऐवजी घोडा आला. "माझा फोटो कुठंय?" तिनं निर्मात्याला विचारलं. "घोडा खपतो," तो नजर चुकवत म्हणाला. गाणं रेडिओवर गाजलं. जत्रेत गायचं बोलावणं आलं, तर निर्मात्यानं ती आजारी असल्याचं परस्पर कळवलं. हा आपला रंग लपवतोय, हा व्हर्डेलचा संशय पक्का झाला. गिटार घेऊन ती एकटीच जत्रेत पोचली. फाटकावरचा गोरा म्हातारा म्हणाला, "स्वयंपाकाच्या बायकांनी मागून जायचं." "मी गायला आलेय. रेडिओवरची व्हर्डेल मीच." "थापा मारू नकोस. ती गोरी आहे." तिनं तिथंच गाणं सुरू केलं. म्हाताऱ्याचे ओठही हलू लागले. "माझी बायको हे रोज ऐकते," तो पुटपुटला. "तिला काय सांगू?" "पुढच्या रांगेत बस म्हणावं."