ढालीवरचा सिंह

सरदार वॉरिन वीस वर्षं राजासाठी फ्रान्समध्ये लढले. दरबारात मात्र सख्खा मेहुणाच त्यांच्या वाईटावर होता. किल्ला शत्रूला विकल्याचा आरोप त्याने केला आणि सरदारांना पकडून लंडनला नेलं.

त्यांची लेक एमिस प्रार्थनाघरात माझ्याकडे अक्षरं गिरवते. बाबांना पत्र लिहायचं म्हणून हल्ली जरा जास्तच. समोर भिंतीवर त्यांची सिंहाची ढाल असते.

सोमवारी तिने विचारलं, "फादर, बाबांची ढाल कुणी उलटी टांगली?"

आमच्याकडे फितुराची ढाल उलटी टांगतात, तीही शिर उडवल्यावर. मी घाईने ती सरळ केली. मंगळवारी ती पुन्हा उलटी. मग लोहाराने चार खिळे ठोकले.

"आता सैतानाचा बाप आला तरी हलायची नाही, फादर!" तो हसला.

बुधवारी सकाळी स्वार निरोप घेऊन आला. सरदार निर्दोष ठरले होते, घरी निघाले होते. एमिस मला ओढतच प्रार्थनाघरात घेऊन गेली.

ढाल सरळ होती. टोक खाली, चारही खिळे जागेवर.

तिच्यावर रंगवलेला सिंह तेवढा डोकं खाली करून लटकत होता.

एमिसने माझा हात घट्ट धरला. "फादर, बाबा येतायत ना?"