शेजारणीने दिलेली कादंबरी

खिडकीपाशी कादंबरी वाचत बसलेले भास्करराव एकटेच हसले, आणि लसूण सोलता सोलता कुमुदिनीचे हात थांबले.

लग्न झाल्यापासून ती नवऱ्याला कादंबऱ्या सुचवत आली होती. स्वतःची वाचून झाली की "ही तरी वाचा हो," म्हणत त्यांच्या उशाशी ठेवायची. भास्करराव चार पानं चाळायचे आणि पुन्हा शब्दकोडं पुढे ओढायचे. आणि आता शेजारी राहायला आलेल्या बोडसबाईंनी जिन्यात सहज एक जाडजूड कादंबरी हातात ठेवली, तर हे गृहस्थ चहासुद्धा विसरले होते!

"माझ्या पसंतीत काय खोट होती?" तिने शेवटी विचारलंच. "त्या बाईंनी एकदा सांगितलं आणि लगेच वाचायला बसलात."

भास्कररावांनी चष्मा काढला. "अगं, तू प्रत्येक कादंबरी जेवताना मला सांगायचीस, अगदी हावभावांसकट. मग ती उघडली की पानं कोरडीच वाटायची. ही मात्र नवीकोरी आहे, तू वाचलेली नाहीस. म्हटलं, एकदा तरी आपण तुला गोष्ट सांगावी."

लसणाचं ताट बाजूला सारून कुमुदिनी त्यांच्यासमोर येऊन बसली.

"सांगा तर मग," ती म्हणाली. "फक्त मध्येमध्ये त्या बाईंचं नाव आणू नका."