लाल शाई

सकाळी सहा चाळीसला कोर्ट झाडून झालं, की दुखापतीने स्वतःचा खेळ सुटल्यापासून शाळेच्या टेनिस संघाची व्यवस्था पाहणारी शिओरी मुलींच्या 'सकारात्मक विचारांच्या' वह्या प्रशिक्षक कुरिहाशी सरांकडे नेत असे. सर त्या लाल शाईने सुधारत. आज तिने संघातल्या मानाकाची वही तिच्यासमोरच उघडली. 'मनगट दुखतं' हे वाक्य अकरा दिवस खोडलेलं होतं. शेजारी शेरा: 'मन कच्चं. पुन्हा लिही.'

"हात दाखव," शिओरी म्हणाली.

"नको ना, ताई. सर रडूबाई म्हणतात."

टम्म सुजलेलं मनगट पाहून शिओरीच्या मस्तकात तिडीक उठली.

"ताई, रविवारी सामना आहे. मी सकारात्मक आहे!"

"मीही होते."

बाकीच्या वह्या तिने सरांच्या टेबलावर ठेवल्या. मानाकाची, आणि सोबत स्वतःची गेल्या वर्षीची, तितकीच लाल वही तिने शाळेच्या नर्सबाईंसमोर उघडून ठेवली.